एका पिशवीचे तीन कोड

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना एसटीच्या खडखडाटात ऐकू येत नाही किंवा ज्यांच्या गावात रेंज अर्ध्यातच जाते, त्यांच्यासाठी. बोललोय जवळपास तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे लॅबच्या बिलावरचे कोड. हो, कोड. रक्त-लघवीच्या तपासणीला नंबर कसे पडले, ते कुणी पाडले, आणि त्या नंबरांमुळे पैसे कुणाला मिळतात, कुणाला नाही. विषय कोरडा वाटला तरी लगेच बंद करू नका, कारण हा इतिहास फिरत फिरत आपल्या बीडमध्ये येऊन थांबतो, आणि माझ्यासाठी तर तो थेट मावशीच्या पत्र्याच्या पेटीपाशी येऊन थांबला.

यंदा पाडव्याला गावी गेलो होतो. मावशी धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. आयुष्यभर ऊसतोड केली. दसरा-दिवाळी झाली की सांगली-कोल्हापूरकडं, आणि उन्हाळा लागला की परत. मी जेवून बसलो, तर तिनं पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत जुने कागद. म्हणाली, "तू दवाखान्याच्या बिलाचंच काम करतूस ना रं? मग ह्ये वाच. काय लिवलंय त्यात?"

कागद तिच्या ऑपरेशनचे होते. गर्भपिशवी काढली तेव्हाचे, पंधराएक वर्षांपूर्वीचे. एका खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एक सोनोग्राफीचा फिकट पडलेला कागद आणि बिल. बिलावर एकच ओळ होती: "ऑपरेशन". पुढं रक्कम. संपलं.

मी कागद उलटसुलट करून पाहिले. एक कागद शोधत होतो, तो नव्हता. तो कोणता, ते शेवटी सांगतो. त्याआधी मी पोटासाठी काय करतो ते सांगावं लागेल.

माझं काम

बी.टेक. झाल्यापासून मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचे ग्राहक म्हणजे अमेरिकेतल्या पॅथॉलॉजी लॅब. तिथं पेशंट सहसा काउंटरवर पैसे देऊन सुटत नाही. लॅब तपासणी करते, मग विमा कंपनीला किंवा सरकारला बिल पाठवते, आणि ते पैसे देतात किंवा बिल परत पाठवतात. ही बिलं शब्दांत नसतात, आकड्यांत असतात. आपण ज्याला सीबीसी म्हणतो, तापात डॉक्टर पहिली लिहून देतात ती तपासणी, तिचा तिकडचा नंबर ८५०२५. शुगरच्या पेशंटची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी म्हणजे ८३०३६. माझं काम या आकड्यांवर नियम लिहिण्याचं. हा नंबर त्या नंबरसोबत चालतो का, एका दिवसात किती वेळा चालतो, कुठल्या आजारासाठी चालतो. नियमात बसलं नाही की बिल परत.

पहिली दोन वर्षं मी हे काम डोळे मिटून केलं. आकडे आले, आकडे गेले. इतिहासात शिरलो तो नंतर, एका कंटाळवाण्या नाइट शिफ्टमध्ये. प्रश्न साधा होता: हे नंबर आले कुठून?

दोन याद्या

बिलावर दोन प्रकारचे कोड लागतात. एक सांगतो काय केलं. दुसरा सांगतो का केलं.

"का"ची यादी जुनी आहे. १८९३ साली जाक बेर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूच्या कारणांची एक यादी शिकागोच्या परिषदेत मांडली. हेतू पैशांचा नव्हता. पॅरिसमध्ये माणूस कशानं मेला आणि दुसऱ्या शहरात कशानं मेला, याची तुलना करायची तर दोन्हीकडं आजाराला एकच नाव हवं, एवढंच. ही यादी वाढत गेली, पुढं जागतिक आरोग्य संघटनेकडं आली, आणि आज तिला आपण आयसीडी म्हणतो. त्यात गर्भाशयातल्या गाठींना डी२५, अंग बाहेर येण्याला एन८१, पाळीत जास्त रक्त जाण्याला एन९२ असे नंबर आहेत. हे तीन नंबर लक्षात ठेवा, पुढं लागतील.

"काय केलं"ची यादी मात्र पैशांच्याच काळात जन्मली. ३० जुलै १९६५ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्टीपुढच्या म्हाताऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च सरकार उचलणार, असा तो कायदा. पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिलं. दुसऱ्याच वर्षी, १९६६ला, तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, सीपीटी नावाची यादी छापली. सुरुवातीला कोड चार आकडी होते आणि भर शस्त्रक्रियांवर होता. १९७०च्या आवृत्तीत कोड पाच आकडी झाले आणि तपासण्यांनाही नीट जागा मिळाली. १९८३ला मेडिकेअरनं डॉक्टरांच्या बिलांसाठी हीच यादी स्वीकारली. १९८४मध्ये लॅबच्या तपासण्यांचं सरकारी दरपत्रक आलं. म्हणजे आता प्रत्येक तपासणीला नाव, नंबर आणि भाव, तिन्ही मिळाले.

आणि जिथं भाव ठरतो, तिथं भावातून पळवाट काढणाराही येतोच.

एका नळीतून बारा तपासण्या

१९५७च्या सुमारास लॅबमध्ये एक मशीन आलं, ऑटोॲनालायझर. लेनर्ड स्केग्ज या शास्त्रज्ञानं ते बनवलं. आधी टेक्निशियन एकेक तपासणी हातानं करायचा. आता रक्ताचे नमुने नळ्यांतून एकामागं एक वाहायला लागले आणि मशीन रीडिंग द्यायला लागलं. पुढच्या मशीनांनी एकाच नमुन्यातून बारा, मग त्याहून जास्त तपासण्या एकदम काढल्या. तेराव्या तपासणीचा खर्च जवळजवळ शून्य. पण कोड तर प्रत्येकीला वेगळा!

मग व्हायचं ते झालं. नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज नावाच्या मोठ्या कंपनीनं डॉक्टर नेहमी मागवतात त्या तपासण्यांच्या संचात दोन तपासण्या गुपचूप जोडल्या: एचडीएल कोलेस्टेरॉल आणि फेरिटिन. डॉक्टरला वाटायचं, संचासोबत फुकटात येतायत. सरकारला मात्र त्यांचं वेगळं बिल जायचं. १९९२मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि सुमारे ११ कोटी डॉलर भरले. त्यानंतर सरकारनं एकेक करत इतर मोठ्या लॅबही तपासल्या. या सगळ्या मोहिमेला नाव पडलं "लॅबस्कॅम".

१९९६पासून मेडिकेअरनं बिलांवर संगणकी नियम बसवले. कुठले दोन कोड एकत्र चालणार नाहीत याच्या याद्या. पुढं आणखी नियम आले: एका पेशंटला एका दिवसात एखादी गोष्ट जास्तीत जास्त किती वेळा होऊ शकते. त्यातला एक नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनच्या कोडपुढं कमाल संख्या आहे एक. साहजिक आहे, माणसाला पिशवी एकच असते. तरी कुणीतरी कधीतरी दोनचं बिल लावलं असणार, म्हणून तर कॉम्प्युटरला हे शिकवावं लागलं.

थोडक्यात, प्रत्येक तपासणीला वेगळा कोड दिला की लबाडीची दिशा ठरते. नको त्या तपासण्या वाढतात. अमेरिकेचा रोग हा. तिथली पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाहीये. तिथं बिलाच्या धसक्यानं लोक दवाखान्यात जायचं टाळतात, हे मी रोज पाहतो.

काढलेल्या अवयवाचं काय होतं

पण त्या यादीत एक जागा अशी आहे जिनं माझं मत थोडं बदललं.

ऑपरेशनमध्ये शरीरातून काही काढलं, गाठ असो, अपेंडिक्स असो, पिशवी असो, तर ते फेकायचं नसतं. फॉर्मेलिनच्या बरणीत घालून पॅथॉलॉजिस्टकडं पाठवायचं असतं. तिथं त्याचे तुकडे घेतात, ते मेणात बसवून ठोकळा करतात, त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. याला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात. इथं दोन गोष्टी कळतात. कॅन्सर आहे का, ही पहिली. आणि दुसरी, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: ज्या कारणासाठी अवयव काढला, ते कारण खरंच होतं का.

सीपीटीच्या यादीत या तपासणीचे सहा स्तर आहेत. नमुना जितका गुंतागुंतीचा, तितका वरचा स्तर. आणि गर्भाशयाला त्यात एक नाही, तीन जागा आहेत. अंग बाहेर आलं म्हणून काढलं असेल तर ८८३०५. गाठ किंवा इतर कारणासाठी काढलं, पण कॅन्सरसारखा प्रकार नाही, तर ८८३०७. कॅन्सरसारखी वाढ असेल तर ८८३०९.

अवयव तोच, कोड तीन. म्हणजे कोड लावणाऱ्याला "का काढलं?" हे विचारल्याशिवाय बिल पुढं सरकवता येत नाही. शिवाय सोबत मघाचा आयसीडीचा नंबर हवा, डी२५ की एन८१ की एन९२. दोन्ही जुळले नाहीत तर माझ्यासारख्यानं लिहिलेला नियम बिल अडवतो. हा प्रश्न पैसे वाचवण्यासाठी विचारला जातो, दयाबुद्धीनं नाही. पण विचारला जातो, आणि उत्तर कुठंतरी लिहून राहतं.

आपल्याकडं: यादी आणि पॅकेज

आता आपल्या देशात या. स्वातंत्र्यानंतर विमा आधी मिळाला तो नोकरदारांना. १९४८चा राज्य कामगार विमा कायदा, जो १९५२ला कानपूर आणि दिल्लीत प्रत्यक्ष सुरू झाला. १९५४ला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आली. सीजीएचएसकडं आजही तपासण्यांचं दरपत्रक आहे, प्रत्येक तपासणीपुढं रक्कम. पण शेतकरी, शेतमजूर, ऊसतोड कामगार? त्यांना ना यादी, ना विमा. खिशातून रोख, नाहीतर सावकार, नाहीतर मुकादम.

महाराष्ट्रात १९९७ला गरिबांच्या मोठ्या आजारांसाठी जीवनदायी योजना आली. शेजारच्या आंध्र प्रदेशात २००७ला आरोग्यश्री सुरू झाली, आणि तिच्या धर्तीवर आपल्याकडं २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. बीड त्या आठात नव्हतं. आपल्याकडं ती नोव्हेंबर २०१३ला आली, जेव्हा राज्यभर लागू झाली. २०१७ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सुरुवातीला ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. मराठवाड्यासह १४ दुष्काळी जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून तिचा लाभ मिळू लागला. पुढं उपचार १३५६ झाले आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

या योजनेत कोड तपासणीला नाही, उपचाराला आहे. एक उपचार, एक कोड, एक ठरलेली रक्कम. तिलाच पॅकेज म्हणतात. त्यात खाटेचं भाडं, डॉक्टरची फी, भूल, औषधं, रक्त, एक्स-रे, लॅबच्या तपासण्या, जेवण, सगळं आलं. इतकंच काय, घरी परत जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा. मला हा तपशील फार आवडतो. हे लिहिणाऱ्याला माहीत होतं की पेशंट बरा झाला तरी त्याच्याकडं गावी जायला तिकिटाचे पैसे नसतात.

पॅकेज ही काही आपलीच युक्ती नाही. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी आजारांचे गट पाडून ठेवले होते. त्यावरून १९८३ला खुद्द मेडिकेअरनं दवाखान्यात दाखल पेशंटसाठी एकरकमी पैसे द्यायला सुरुवात केली. पण तिथं एक फट मुद्दाम उघडी राहिली. दाखल पेशंटचे बाकी लॅबचे पैसे पॅकेजात बुडाले, तरी पॅथॉलॉजिस्टनं सूक्ष्मदर्शकातून बघून मत दिलं, तर त्या मताचं बिल वेगळं जातं. म्हणजे बघणाऱ्या डोळ्यांचा कोड शिल्लक राहिला.

पॅकेजचा फायदा मोठा आहे. गरिबाला तिसऱ्या दिवशी नवं बिल हातात पडत नाही, आणि तेरावी तपासणी घुसडून काही मिळत नाही. पण लबाडीची दिशा उलटी होते. अमेरिकेत प्रत्येक तपासणी ही कमाई. पॅकेजात प्रत्येक तपासणी हा खर्च. रक्कम ठरलेलीच आहे, मग कमी तपासा, जास्त उरेल. योजना चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, म्हणून क्लेमसोबत रिपोर्ट जोडायला लावतात, आधी मंजुरी घ्यायला लावतात. तेवढी राखण नसेल तर काय होतं, याचा धडा बिहारनं दिला.

२००८ला केंद्रानं राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. स्मार्ट कार्ड, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार. २०१२मध्ये बिहारच्या समस्तीपूरमध्ये जिल्हा प्रशासनानं बायकांना बोलावून तपासणी केली, तेव्हा गरज नसताना पिशव्या काढून कार्डावरचे पैसे उचलल्याचं समोर आलं. छत्तीसगड आणि राजस्थानातूनही तशाच तक्रारी आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

आणि बीड

आता बीड. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर गेली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागं एक. देशाचा २०१५-१६चा आकडा १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या आसपास होता. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीनं काढलेत, काटेकोर तुलना होत नाही. पण एवढा फरक पद्धतीमुळं पडत नाही.

बिहारमध्ये निदान कार्ड होतं. आपल्याकडं बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत, रोखीनं झाली. ना योजना, ना पॅकेज, ना मंजुरी, ना क्लेम. म्हणजे "का काढली?" हा प्रश्न विचारणारं कुणी मधे नव्हतंच. अमेरिकेतल्या विमा कंपनीचा लोभी का होईना, एक कारकून मधे बसलेला असतो. इथं बाई, डॉक्टर आणि उचल, एवढेच तिघं.

उचल म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम जोडप्याला पैसे देतो, ती उचल. मग ऊस तोडून ती फेडायची. आणि हिशोबाचं एकक काय? "एक कोयता". एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. नीट बघा: दोन माणसं, एक नंबर. बाई पहाटे उठते, तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पालावर येऊन स्वयंपाक करते, पण हिशोबाच्या वहीत ती स्वतंत्र नसते. ती कोयत्यात असते. जशी तपासणी पॅकेजात असते तशी. असते, पण दिसत नाही.

दिसते ती फक्त काम चुकल्यावर. एक दिवस फडावर गेली नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीत पोट दुखतंय, अंगावरून जातंय, ओटीपोटात जडपणा आहे, तरी खाडा परवडत नाही. पालावर संडास नाही, पाणी नाही, मग आजार वाढतो. लग्न लहान वयात, लेकरं लवकर. मग दवाखान्यात कुणीतरी म्हणतं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. बाई हिशोब करते. लेकरं झालीत, पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील. ऑपरेशनला पैसे? मुकादमाकडून उचल. मग ती फेडायला पुन्हा फड. काहींना कमी वयातच हाडं दुखणं, घाम, चक्कर सुरू होते. अंडाशयही काढलं असेल तर जास्तच.

२०१९च्या गदारोळानंतर जिल्ह्यात नियम झाला. खासगी दवाखान्याला पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी. मी तो नियम वाचला तेव्हा मला माझं ऑफिसातलं काम आठवलं. हाच तो नियम: कारण सांगा, मग पुढं जा. आम्ही अमेरिकेतल्या लॅबसाठी जे कॉम्प्युटरमध्ये टाकतो, ते बीडमध्ये १३,८६१ बायकांनंतर कागदावर आलं.

मावशीचा कागद

तर मावशीच्या पिशवीत मी जो कागद शोधत होतो तो हा: हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट. तिला विचारलं, "मावशी, पिशवी काढल्यावर तपासायला पाठवली होती का?"

ती म्हणाली, "बरणीत घालून तुझ्या काकाला दाखवली व्हती. हे बघा म्हनले, खराब झालती. मंग कुठं नेली, कुणाला ठावं."

बरणीत घालून नवऱ्याला दाखवली. पुढची पायरी एवढीच होती की ती बरणी पॅथॉलॉजिस्टकडं जावी. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. पण पाठवण्याचा खर्च कोण देणार? बिलावर तर एकच ओळ होती.

"लेकरा, खरं सांग," ती म्हणाली. "मपल्या पिशवीत खरंच काय व्हतं का रं? का उगंच काढली?"

मंडळी, माझ्याकडं उत्तर नव्हतं. खोटं बोलून "होतं काहीतरी" म्हणता आलं असतं, त्यानं तिला बरं वाटलं असतं. "उगंच काढली" असंही म्हणता येत नव्हतं, कारण तेही मला माहीत नाही. कदाचित खरंच गरज असेल. सोनोग्राफीचा कागद इतका फिकट झालाय की त्यावरून काही कळत नाही. दिवसाला हजारो बिलांची कारणं तपासणारे नियम मी लिहितो, आणि माझ्या मावशीच्या एका बिलाचं कारण मला सांगता येत नाही.

मी तिला खरं तेच सांगितलं. "मावशी, तपासलीच नाही, म्हणून आता कुणालाच सांगता येणार नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग कागद पुन्हा पिशवीत घालून म्हणाली, "तपासायला लावतेत, ह्येच ठावं नव्हतं."

म्हणून हा भाग केला. तुमच्या घरात कुणाचंही ऑपरेशन ठरलं, सरकारी असो, खासगी असो, योजनेतून असो की रोखीनं, तर दोन प्रश्न विचारा. आधी: "कारण काय, ते कागदावर लिहून द्या." लागलं तर तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि नंतर: "काढलेला भाग तपासायला पाठवला का? रिपोर्ट कधी मिळेल?" तो रिपोर्ट घ्या, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कागद पेटीत. बहुतेक डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. चांगले डॉक्टर तर विचारायच्या आधीच पाठवतात.

कोडचा नंबर तुम्हाला पाठ नसला तरी चालेल. तो नंबर जो प्रश्न विचारतो, तो तुम्ही विचारा. गावाकडं फोन लावाल तेव्हा आईला, मावशीला, चुलतीलाही सांगा, की तपासायला लावता येतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.